लाइव्ह डिस्कवरील परीक्षण : पुरावा आणि निर्णय

१

ग्रंथाचे परीक्षण करणाऱ्याने तो ग्रंथ साद्यंत वाचलेला असावा, ही अपेक्षा साहित्यसमीक्षेत इतकी रूढ आहे की ती कोणी बोलून दाखवीत नाही. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची जी परीक्षणे गेल्या पंचवीस वर्षांत लिहिली गेली, त्यांच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही अपेक्षा स्थिर झालेली दिसत नाही. विशेषतः लिनक्सखेरीज ज्या अन्य युनिक्सवंशीय किंवा युनिक्ससदृश प्रणाली डेस्कटॉपवर वापरता येतात, त्यांच्याविषयीचे सर्वसाधारण मत फार मोठ्या प्रमाणात 'लाइव्ह डिस्क'वरील परीक्षणांतून घडत आले आहे. तबकडी संगणकात घालावी, हार्ड डिस्कला हात न लावता प्रणाली सुरू करावी, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे पाहावे, पडद्याची चार चित्रे टिपावीत आणि निर्णय द्यावा, असा या परीक्षणांचा ठरीव साचा आहे.

या साच्यात मूलतः काही गैर आहे असे नव्हे. प्रयोगशाळेतील संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये फेरफार करण्याची मुभा विद्यार्थ्याला बहुधा नसते. घरच्या एकमेव संगणकावरील कामाचे कागद धोक्यात घालून नवी प्रणाली बसविण्यास कोणी सहसा धजत नाही. अशा वेळी लाइव्ह डिस्क हे अभ्यासाचे मोठेच साधन ठरते. प्रश्न निराळा आहे. या साधनाने नेमके काय सिद्ध होते, काय होत नाही, आणि जे सिद्ध होत नाही त्याविषयीही परीक्षक निर्णय देतात काय, हा तो प्रश्न होय. ज्या प्रणालींचा वापरणारा वर्ग मुळातच लहान आहे, त्यांच्या बाबतीत तो केवळ पद्धतीचा राहत नाही. तबकडीवर मन न रमलेला वाचक ती प्रणाली बसवीत नाही, आणि वापरणारे न मिळालेल्या प्रणालीसाठी ड्रायव्हर लिहिणारेही मिळत नाहीत. चुकीच्या पुराव्यावर दिलेला निर्णय अशा रीतीने पुढे स्वतःच खरा ठरत जातो.

२

लाइव्ह डिस्कची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील इग्ड्रासिल या लिनक्स वितरणाने १९९२ सालीच सीडीवरून थेट चालण्याची सोय दाखविली होती. परंतु या कल्पनेला खरी लोकप्रियता मिळाली ती जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांच्या 'क्नॉपिक्स'मुळे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या तबकडीने दोन अडचणी सोडविल्या. संगणकातील यंत्रसामग्री आपोआप ओळखण्याची व्यवस्था ही पहिली, आणि सुमारे ७०० मेगाबाइटच्या सीडीवर संकोचित स्वरूपात दोन गिगाबाइटच्या आसपास सामग्री बसविण्याची युक्ती ही दुसरी. सीडीवर लिहिता येत नाही, ही तिसरी अडचण काही काळ राहिली. २००५ सालच्या ३.८ या आवृत्तीत क्नॉपिक्सने 'युनियनएफएस'चा अवलंब केला. तबकडीवरील मूळ फाइल जशीच्या तशी राहते, तिच्यातील बदल रॅममध्ये नोंदले जातात, आणि वापरणाऱ्याला दोन्ही थर मिळून एकच फाइल दिसते. संगणक बंद केला की रॅममधील थर नाहीसा होतो.

हा शेवटचा विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लाइव्ह डिस्कवरील प्रणालीला भूतकाळ नसतो. प्रत्येक वेळी ती नव्याने जन्मते आणि बंद करताच सर्व विसरते. प्रणालीचा एखादा गुण कालावधीत प्रकट होणारा असेल, तर तो या तबकडीवर स्वभावतःच दिसू शकत नाही.

अन्य घराण्यांनीही ही वाट लवकरच धरली. फ्रीबीएसडीच्या इटलीतील उपासकांनी 'फ्रीस्बी' ही तबकडी काढली. २००७ मधील तिच्या दुसऱ्या आवृत्तीत एक्सएफसीई व फ्लक्सबॉक्स असे दोन डेस्कटॉप होते. सन मायक्रोसिस्टिम्सने १४ जून २००५ रोजी सोलारिसचा उगमसंकेत खुला केला, आणि त्यानंतर तीनच दिवसांत योर्ग शिलिंग यांची 'शिलिक्स' ही लाइव्ह तबकडी बाहेर पडली. त्याच वर्षी बंगळूर येथे 'बेलेनिक्स'चा आरंभ झाला. मे २००८ मध्ये सनने स्वतःच 'ओपनसोलारिस २००८.०५' ही तबकडी प्रसिद्ध केली. तिच्यावरून ग्नोम डेस्कटॉप थेट सुरू होई आणि इच्छा असल्यास ती तेथूनच हार्ड डिस्कवर बसविता येई. २०१० च्या आरंभी ओरॅकलने सन कंपनी घेतली. त्याच वर्षी ओपनसोलारिसचे काम थांबले, इलुमॉस प्रकल्प उभा राहिला, आणि सप्टेंबरमध्ये 'ओपनइंडियाना' अवतरली. फ्रीबीएसडीच्या बाजूने घोस्टबीएसडी आणि नोमॅडबीएसडी यांनी ही परंपरा पुढे चालविली.

३

या तबकड्यांवरील परीक्षणांत एक आक्षेप पुनःपुन्हा आढळतो. प्रणाली सुरू होते, डेस्कटॉप दिसतो, फायरफॉक्स उघडतो, आणि मग परीक्षक विचारतो की हे सर्व तर लिनक्सवरही आहे, तेव्हा निराळ्या प्रणालीचे प्रयोजन काय? प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी एक घोटाळा आहे.

ग्नोम, केडीई, माटे, एक्सएफसीई हे डेस्कटॉप कोणत्याही एका प्रणालीची मालमत्ता नव्हेत. त्यांच्याखालील एक्स ही चित्रव्यवस्थादेखील बीएसडी, सोलारिस आणि लिनक्स या सर्वांनी समानपणे वापरली. सारांश, जो थर सर्वांना समान आहे तोच लाइव्ह डिस्क प्रथम दाखविते, आणि ज्या थरांत या प्रणाली एकमेकींहून भिन्न आहेत ते डोळ्यांआड राहतात. एकाच नेपथ्यावर तीन नाटके बसविली असता पडदा वर जाताच तिन्ही नाटके एकच असल्याचा निर्वाळा देण्यासारखे हे आहे.

भिन्नता कोठे आहे, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. फ्रीबीएसडीमध्ये कर्नल आणि त्याभोवतीची मूलभूत साधने एकाच उगमवृक्षात, एकाच मंडळीच्या देखरेखीखाली वाढतात; बाहेरून आणलेली सॉफ्टवेअरे त्यापासून वेगळी ठेवली जातात. या विभागणीचे मोल प्रणाली बसविल्यानंतर पहिल्या किंवा दुसऱ्या मोठ्या अद्ययावतीकरणाच्या वेळी कळते. ओपनसोलारिसने झेडएफएस ही फाइलव्यवस्था मूळ प्रणालीसाठीच वापरली. अद्ययावतीकरण करताना चालू प्रणालीची प्रतिकृती तयार होई, बदल तिच्यात होत, आणि नवी आवृत्ती बिघडली तर संगणक पुन्हा सुरू करून जुनीकडे परतता येई. २००८.११ या आवृत्तीत 'टाइम स्लायडर' नावाची सोय आली. फाइलींच्या खिडकीतील पट्टी सरकवून जुन्या तारखेची फाइल परत मिळविता येत असे.

हे सर्व गुण कालसापेक्ष आहेत. त्यांच्यासाठी लिहिता येईल अशी डिस्क हवी, आणि काल व आज असा भेद हवा. लाइव्ह डिस्कवर यांपैकी काहीच नसते. म्हणून टाइम स्लायडरविषयी तबकडीवरून मत देणे शक्य नव्हते, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून 'या प्रणालीत वेगळे काही नाही' असे म्हणणे तर सर्वथा अनुचित होते. फार झाले तर 'वेगळे काही दिसले नाही' एवढेच त्याला म्हणता आले असते. 'नाही' आणि 'दिसले नाही' यांतील अंतर संशोधनाच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावयास नको.

४

दुसरा नेहमीचा आक्षेप मंदपणाचा. सीडीच्या वाचकयंत्राला तबकडीवरील एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यास हार्ड डिस्कच्या मानाने कितीतरी पट वेळ लागतो. त्यातच वाचलेला मजकूर संकोचित असल्याने तो प्रथम उलगडावा लागतो. तेव्हा तबकडीवर मंद भासणारी प्रणाली मंद असतेच असे नाही. ही गोष्ट बहुतेक परीक्षकांना ठाऊक असे व ते तिचा उल्लेखही करीत. परंतु उल्लेख करून झाल्यावर अंतिम निर्णयात तो मंदपणा धरीतच. पुरावा अग्राह्य असल्याचे कबूल करून त्याच पुराव्यावर निकाल देण्याचा हा प्रकार झाला.

या संदर्भात बेलेनिक्सचे उदाहरण उद्बोधक आहे. सीडीवरील फाइली ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने शेजारीशेजारी मांडल्या, तर वाचकयंत्राची धावाधाव कमी होते. पण प्रणाली सुरू होताना कोणती फाइल केव्हा लागते, हे कळावे कसे? बेलेनिक्सच्या निर्मात्यांनी त्यासाठी सोलारिसमधीलच 'डीट्रेस' हे साधन योजिले. चालू कर्नलमध्ये काय घडते आहे याची नोंद, प्रणाली न थांबविता, डीट्रेसने घेता येते. त्या नोंदीवरून फाइलींचा क्रम ठरविण्यात आला आणि त्यानुसार तबकडी रचण्यात आली. म्हणजे तबकडी ज्या सहजतेने सुरू होई, ती सहजता या प्रणालीच्या सर्वांत विशिष्ट गुणाचेच फळ होती. वाचकाला फळ दिसले; झाड दिसले नाही. आणि डीट्रेस तर तबकडीवरही चालत असे. टर्मिनल उघडून एक ओळ लिहिली असती, तर फायरफॉक्स उघडताना कोणती प्रक्रिया कर्नलकडे किती वेळा जाते हे मोजता आले असते. परीक्षणांत पार्श्वचित्र, चिन्हांचा रंग आणि मेनूंची मांडणी यांवर परिच्छेदच्या परिच्छेद खर्ची पडले. ही एक ओळ क्वचितच लिहिली गेली.

५

येथवरच्या विवेचनावरून लाइव्ह डिस्क निरुपयोगी आहे असा ग्रह होऊ नये. काही गोष्टींविषयी तिच्यासारखा पुरावा दुसरा नाही.

यांतील पहिली गोष्ट यंत्रसामग्रीची ओळख. ध्वनी येतो काय, वायफाय लागते काय, पडद्याचे पूर्ण विभेदन मिळते काय, लॅपटॉप मिटल्यावर झोपतो व उघडल्यावर जागा होतो काय, या प्रश्नांची उत्तरे तबकडी रोखठोक देते. ओपनसोलारिसच्या तबकडीवर तर 'डिव्हाइस ड्रायव्हर युटिलिटी' नावाचे साधनच होते; संगणकातील कोणत्या भागाला ड्रायव्हर आहे व कोणत्याला नाही, याची यादी ते प्रणाली बसविण्यापूर्वीच देई. हा पुरावा भक्कम आहे. मात्र तो त्या विशिष्ट संगणकापुरता आणि त्या विशिष्ट आवृत्तीपुरता आहे. एका लॅपटॉपवर वायफाय न लागल्यामुळे सबंध प्रणालीवर 'डेस्कटॉपला अयोग्य' असा शिक्का मारणे, हे एका गावच्या पावसावरून सबंध प्रांताचे पर्जन्यमान ठरविण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट लिपीची, आणि मराठी वाचकाला तिचे महत्त्व अधिक. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्धा र योग्य वळणाने उमटतो काय, जोडाक्षरे तुटतात काय, ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे, इन्स्क्रिप्ट कळफलक निवडता येतो काय, या गोष्टी तबकडीवर दहा मिनिटांत तपासता येतात. परंतु येथेही निर्णय सावधपणेच दिला पाहिजे. देवनागरीच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या, तर त्याचा अर्थ प्रणालीला देवनागरी येत नाही असा होत नाही. तबकडीवर देवनागरी फाँट ठेवलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेल्या व रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केलेल्या लोहित मालेतील देवनागरी फाँट रॅममधील फाइलींत उतरवून घेतला, की त्याच चौकटींच्या जागी अक्षरे येतात. उलट फाँट असूनही जोडाक्षरे तुटली, तर दोष अक्षरजुळणी करणाऱ्या थरात असतो आणि तो अधिक गंभीर असतो. एकाच दृश्य बिघाडाची दोन कारणे असू शकतात. ती वेगळी करून पाहिल्यावाचून दिलेला निर्णय म्हणजे केवळ अभिप्राय होय.

तिसरी गोष्ट 'हायकू'च्या उदाहरणाने स्पष्ट होते. हायकू वंशाने युनिक्स नव्हे. बी कंपनीच्या बीओएसचा तो पुनर्जन्म. बी कंपनीची मालमत्ता पाम कंपनीकडे गेल्यावर २००१ साली हे काम सुरू झाले, सप्टेंबर २००९ मध्ये पहिली अल्फा आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पहिली बीटा आवृत्ती आली. पॉसिक्स मानकाचा अवलंब केल्यामुळे आणि टर्मिनलमधील परिचित शेलमुळे ती युनिक्ससदृशांच्या पंक्तीत बसते. तिची गोष्ट वेगळी अशासाठी की, हायकूचा डेस्कटॉप बाहेरून आणलेला नाही. कर्नलपासून खिडक्यांपर्यंत सर्व काही एकाच घरचे आहे. तिच्या फाइलव्यवस्थेत फाइलीला गुणधर्म जोडता येतात आणि त्या गुणधर्मांवरून प्रश्न विचारता येतात. प्रश्नाची खिडकी उघडी असताना नवी जुळणारी फाइल निर्माण झाली, तर ती त्या यादीत तत्काळ येऊन बसते. हा विशेष पाहण्यास महिना लागत नाही. म्हणूनच हायकूविषयीची परीक्षणे सामान्यतः अधिक न्याय्य उतरली. त्याचे श्रेय परीक्षकांच्या वाढलेल्या विवेकाला देता येत नाही. हायकूचे वेगळेपण दर्शनी भागातच होते, आणि दर्शनी भाग पाहण्याचीच परीक्षकांना सवय होती.

६

मग कालसापेक्ष गुणांची परीक्षा तबकडीवर अशक्यच मानावयाची काय? तसेही नाही. झेडएफएसचेच उदाहरण घ्यावे. ही फाइलव्यवस्था खरी डिस्कच मागते असे नाही. साध्या फाइलींनाही ती डिस्क मानून चालते. रॅममध्ये प्रत्येकी १२८ मेगाबाइटच्या दोन फाइली तयार कराव्यात, त्या दोहोंची परस्परांची प्रतिबिंबे असलेली जोडी बांधावी, तिच्यावर काही मजकूर ठेवावा, आणि मग एका फाइलीच्या मधल्या भागावर, दोन्ही टोकांच्या नोंदींना धक्का न लावता, जाणूनबुजून निरर्थक अक्षरे लिहावीत. यानंतर तपासणीची आज्ञा दिली, की प्रणाली प्रत्येक खंडाची बेरीज ताडून पाहते, बिघडलेले खंड ओळखते, दुसऱ्या फाइलीवरून ते दुरुस्त करते आणि किती चुका सापडल्या ते सांगते. वर्षानुवर्षांच्या वापरात डिस्कवर जो क्षय होतो, तो येथे पाच मिनिटांत घडवून आणता येतो. हार्ड डिस्कला स्पर्शही होत नाही.

या प्रयोगाने सर्व काही सिद्ध होत नाही. झेडएफएस आज लिनक्सवरही वापरता येते. तेव्हा तिचे केवळ अस्तित्व हा भेद उरलेला नाही. मूळ प्रणालीशी आणि अद्ययावतीकरणाशी ती किती एकजीव झाली आहे, हा भेद शिल्लक आहे, आणि तो रॅममधील दोन फाइलींवरून कळत नाही. तरीही जी परीक्षा विशिष्ट दाव्याला भिडते ती अपुरी असली तरी ग्राह्य असते. जी भिडतच नाही ती कितीही विस्तृत असली तरी अग्राह्य.

आज परिस्थिती पालटली आहे. सीडीचे यंत्र नव्या लॅपटॉपमधून नाहीसे झाले. तबकडीची प्रतिमा पेन ड्राइव्हवर लिहिली जाते, आणि अनेक पर्यायी प्रणाली सुरू करण्यासाठी प्रथम 'सिक्युअर बूट' बंद करावे लागते. या बदलाने एक जुनी उणीव भरून आली. नोमॅडबीएसडी ही पेन ड्राइव्हवरच राहून बदल जपून ठेवण्यासाठी रचलेली आहे. हायकूची प्रतिमाही पेन ड्राइव्हवर लिहिली असता केलेले काम टिकून राहते. लाइव्ह प्रणालीला येथे भूतकाळ लाभला. दुसरीकडे परीक्षक मोठ्या संख्येने आभासी यंत्राकडे वळले. आभासी यंत्रात महिनाभर प्रणाली चालविता येते, अद्ययावतीकरण बिघडवून पुन्हा मागे जाता येते. परंतु तेथील ध्वनी, वायफाय आणि पडदा ही खऱ्या यंत्राची नसतात. ज्या प्रश्नाचे उत्तर लाइव्ह डिस्क सर्वांत विश्वसनीयपणे देई, नेमका तोच प्रश्न आभासी यंत्र विचारू देत नाही. ही दोन साधने परस्परपूरक आहेत. एकाच्या जोरावर दुसऱ्याच्या क्षेत्रातील निर्णय देण्याची चूक मात्र आजही जुन्याच प्रकारची आहे.

७

या विवेचनातून परीक्षणासाठी काही साधे दंडक निघतात. परीक्षकाने प्रणाली तबकडीवर पाहिली, पेन ड्राइव्हवर वापरली, की हार्ड डिस्कवर बसविली, हे आरंभीच सांगावे. संगणक कोणता व आवृत्ती कोणती, याची नोंद करावी. प्रणालीच्या निर्मात्यांनी तिचा विशेष म्हणून जे सांगितले असेल, त्याला भिडणारी किमान एक परीक्षा करावी. ती शक्य नसेल तर त्या विशेषाविषयी मौन पाळावे. डेस्कटॉपच्या रूपरंगावर लिहावयास हरकत नाही, परंतु तो डेस्कटॉप अन्यत्रही मिळतो हे विसरून त्याचे गुणदोष प्रणालीच्या खाती जमा करू नयेत.

पदव्युत्तर अभ्यासकाच्या दृष्टीने यातील मुद्दा तबकडीहून व्यापक आहे. शिलिक्स, फ्रीस्बी, बेलेनिक्स, ओपनसोलारिस यांचे काम केव्हाच थांबले. त्यांच्या अस्ताची कारणे अनेक होती. त्यांचा दोष परीक्षकांच्या माथी मारणे हाही पुराव्याबाहेरचाच निर्णय ठरेल. परंतु या प्रणालींविषयी जी परीक्षणे मागे उरली आहेत, त्यांच्यावरून उद्याचा इतिहासकार त्यांचे मूल्य ठरवू लागला, तर त्याला मेनूंचे रंग कळतील आणि प्रणाली कळणार नाही. त्या तबकड्यांच्या प्रतिमा जेथे जतन झाल्या आहेत, तेथे त्या आजही जुन्या संगणकावर किंवा आभासी यंत्रात सुरू करून पाहता येतात. टर्मिनल उघडून ती एक ओळ लिहिण्याचे राहिलेले काम एखाद्या विद्यार्थ्याला अजूनही करता येण्याजोगे आहे.